टायपिंग करून मनगट गेलंय, वीस हजारांचा कीबोर्ड घेऊ का?

शब्दटाकणी:
नमस्कार मंडळी. मी घरून काम करते, भाषांतर आणि सबटायटल्स, म्हणजे दिवसभर टायपिंगच, बरंचसं मराठी इनस्क्रिप्टमधे (कीबोर्डवर मराठी अक्षरांची ती ठरलेली मांडणी) आणि थोडं इंग्लिश. गेले काही महिने उजवं मनगट दुखतंय, करंगळीच्या बाजूने, आणि संध्याकाळ झाली की ठणका कोपरापर्यंत जातो. कधीकधी रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. जवळच्या डॉक्टरांनी जेल दिलं, मनगटाचा पट्टा दिला आणि टायपिंग कमी करा म्हणाले. आता टायपिंग कमी केलं तर महिनाअखेर बिल कसलं पाठवू?

सेटअप सांगते. वारज्यात वन बीएचके, वेगळी खोली वगैरे नाही, डायनिंग टेबलवरच बसते, खुर्ची पण डायनिंगचीच, उशी टाकून. मान दुखायची म्हणून लॅपटॉप स्टँडवर ठेवलाय, मान खरंच बरी झाली पण टायपिंग त्या स्टँडवरच्या लॅपटॉपवरच करते. मधे एक साधा नंबरपॅडवाला मोठा कीबोर्ड आणला होता पण तो ठेवला की माउस पार शेजारच्या खुर्चीसमोर जातो, म्हणून तो परत खोक्यात. माझी उंची ५ फूट १ इंच.

भाऊ म्हणतो ते दोन तुकड्यांचे स्प्लिट कीबोर्ड येतात त्यातला घे, एकदाच खर्च होईल. चांगला घ्यायचा तर वीस हजाराच्या आसपास जातोय. व्हिडिओ बघून बघून मी जवळजवळ घ्यायच्या बेतात आहे. कोणी वापरलाय का? इनस्क्रिप्टला चालतो का? आणि मेकॅनिकल कीबोर्डमधे, म्हणजे प्रत्येक की खाली सुटा स्विच असतो त्यात, लाल निळे ब्राउन असे स्विच असतात त्यातला मनगटाला कुठला बरा?

नारायणपेठी:
आधी इंचपट्टी घ्या. टेबल किती उंच, खुर्ची किती उंच, बसल्यावर तुमचं कोपर जमिनीपासून किती वर, हे तीन आकडे इथे टाका. मग कीबोर्डचं बोलू.

वाकडहून_हिंजवडी:
ताई मी स्प्लिट वापरतो, रोज, आणि मला तो सोडवत नाही, तरी सांगतो की तुम्ही आत्ता लगेच घेऊ नका.

स्प्लिटचा फायदा काय ते आधी. आपले खांदे रुंद आणि कीबोर्डची अक्षरं सगळी मधे एक फुटाच्या आत, त्यामुळे हात बाहेरून आत तिरके येतात आणि बोटं सरळ की वर पडावीत म्हणून मनगट करंगळीच्या बाजूला मुडपतं. ते दिवसभर तसंच. दोन तुकडे खांद्याइतके लांब ठेवले की हात सरळ राहतो. तुम्हाला करंगळीकडून दुखतंय म्हणजे हा प्रकार असूही शकतो. यात नवीन असं काही नाही, मायक्रोसॉफ्टचा तो मधे फुगलेला नॅचरल कीबोर्ड १९९४ सालचा आहे.

पण स्टँडवर चढवलेल्या लॅपटॉपवर टायपिंग करताय ना, मला तर वाटतं खरी गोची तिथेच आहे. स्टँड फक्त स्क्रीनसाठी असतो. स्क्रीन डोळ्यासमोर आणि की कोपराजवळ ह्या दोन गोष्टी एका लॅपटॉपमधे बसतच नाहीत, एक बरोबर केलं की दुसरं बिघडतं. तुमचा कीबोर्ड आत्ता बहुतेक छातीच्या उंचीवर असेल, कोपर खाली आणि पंजा वर, मनगट मागे वाकलेलं. त्या उंचीवर वीस हजाराचा कीबोर्ड ठेवलात तरी मनगट तसंच वाकणार.

म्हणून आज फुकटात होणारं एवढं करा, तो खोक्यातला कीबोर्ड काढा आणि त्याचे मागचे दोन पाय उघडे असतील तर मिटून टाका. ते पाय बघून टाइप करणाऱ्यांना अक्षरं दिसावीत म्हणून असतात, तुम्हाला बघावं लागत नाही तर त्यांचा उपयोग शून्य आणि मनगट मात्र अजून मागे जातं. लॉजिटेकच्या एर्गो के८६० ला तर पाय पुढच्या बाजूला दिलेत, म्हणजे कीबोर्ड उलटा, पलीकडे उतरता ठेवता येतो. आणि कीबोर्ड टेबलाच्या मध्यावर ठेवू नका. नंबरपॅडमुळे अक्षरं डावीकडे सरकलेली असतात, तेव्हा जी आणि एच च्या मधली फट बेंबीसमोर येईल असा ठेवा.

माउस लांब जातो हा नंबरपॅडचाच प्रताप. नंबरपॅड नसलेला टेनकीलेस कीबोर्ड साधा घेतलात तरी माउस चांगला हातभर जवळ येतो, बरं हातभर नाही, चार बोटं तरी नक्कीच. सबटायटलच्या कामात टाइमलाइनवर माउस सारखा ओढावा लागत असेल, तर मला कीबोर्डपेक्षा माउसवरच जास्त संशय आहे. शॉर्टकट शिकून घ्या आणि पॉइंटरचा स्पीड वाढवा.

स्विच म्हणाल तर हलका घ्या. चेरी कंपनीचा लाल ४५ ग्रॅमला दबतो आणि एकूण ४ मिमी प्रवासापैकी २ मिमीलाच अक्षर उमटतं, म्हणजे तळापर्यंत हाणायची गरज नसते. पण बऱ्याच जणांना हाणायची सवय असते आणि मग स्विच कुठलाही असो. निळे आवाज करतात, वन बीएचकेत घरचे तुम्हाला बाहेर काढतील. आणि मेकॅनिकल कीबोर्ड जाड असतात हे लक्षात ठेवा, टेबल आधीच उंच असेल तर ते अजून एक-दीड इंच वर.

जाता जाता, गाडी चालवता का? मला ऑफिसपेक्षा वाकडच्या पुलाखाली जास्त त्रास व्हायचा. उजवं मनगट मागे वाकवून थ्रॉटल धरायचा आणि खड्ड्यांचे दणके. ब्रेकवर दोन बोटं ठेवून मनगट सरळ राहील असा लीव्हर जरा खाली फिरवून घेतला मेकॅनिककडून, फरक पडला.

दुखतंय_कुठे:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, सहकारनगरला प्रॅक्टिस करते. इथून निदान होत नाही, पण तुम्ही लिहिलेल्यात मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतायत आणि त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून लिहिते.

करंगळीच्या बाजूचं दुखणं वर लिहिलंय तसं मनगट बाहेर मुडपून काम केल्याचं असू शकतं. रात्रीच्या मुंग्या मात्र वेगळ्या. पुढच्या वेळी जाग आली की दिवा लावून नीट बघा, मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना आहेत. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू असेल तर ती मीडियन नर्व्ह, म्हणजे कार्पल टनेलचा विचार करायला हवा. करंगळी आणि अनामिका असेल तर ती अल्नर नर्व्ह, ती बहुतेक वेळा कोपराला दबते, टेबलावर कोपर टेकवून बसणाऱ्यांना किंवा हात दुमडून उशीखाली घेऊन झोपणाऱ्यांना. आणि कधीकधी मूळ मानेतच असतं. तुमची मान आधी दुखायची म्हणालात तर ती पण तपासून घ्या.

कार्पल टनेल म्हणजे मनगटातला एक अरुंद बोगदा, त्यातून बोटं मिटवणारे ९ टेंडन आणि ती एक नर्व्ह जाते. मनगट पुढे वाका नाहीतर मागे, आतला दाब वाढतो, सरळ असताना सगळ्यात कमी. म्हणून सगळे मनगट सरळ मनगट सरळ करतात. झोपेत आपण मनगट मुडपतो आणि म्हणून त्रास रात्री जाणवतो. तर तो पट्टा, जर त्यात मनगट सरळ धरणारी पट्टी असेल, तर रात्री लावा. दिवसा तो लावून टायपिंग करू नका! मनगट जखडलं की बोटं आणि खांदा ते काम ओढून घेतात आणि पट्ट्याशी कुस्ती चालू राहते.

कीबोर्डमुळेच कार्पल टनेल होतो असं सरसकट म्हणता येत नाही, त्या बाबतीत पुरावा मिश्र आहे, म्हणून सगळं कीबोर्डवर ढकलून मोकळे होऊ नका. डायबिटिस, थायरॉइड, गरोदरपण, वजन ह्याचा संबंध असतो. शुगर आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केलं नसेल तर करून घ्या. मुंग्या थांबत नसतील, हातातून वस्तू निसटत असतील किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग बसल्यासारखा दिसत असेल तर वाट बघू नका, ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोलॉजिस्टकडे जा, ते एनसीव्ही म्हणजे नर्व्हची तपासणी सांगतील.

आता एक प्रश्न जो माझ्याकडे आलेल्या प्रत्येक बाईला मी विचारते आणि बहुतेक जणी हसतात. घरी कणीक कोण मळतं? कपडे हाताने पिळता का? दिवसभर टायपिंग करून संध्याकाळी त्याच हाताने कणीक मळायची आणि मग म्हणायचं आराम देऊन पण बरं वाटत नाही. तो आराम झालाच नाही.

व्यायाम बघितल्याशिवाय सांगत नाही. मुंग्या येत असताना यूट्यूब बघून मनगट जोरात मागे ताणू नका एवढं सांगते. अर्ध्या तासाने मिनिटभर हात खाली सोडून उठा, घोटभर पाणी प्या. विसरायला होत असेल तर वर्करेव्ह नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते आठवण करतं, तुम्ही वैतागेपर्यंत करतं.

शब्दटाकणी:
अरे बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद.

@नारायणपेठी, मोजलं. टेबल ३० इंच. खुर्ची उशीसकट १८. खांदे सैल सोडून कोपर काटकोनात धरलं तर जमिनीपासून साडेसव्वीस. म्हणजे टेबलच कोपराच्या साडेतीन इंच वर, त्यावर कीबोर्डची जाडी, आणि स्टँडवरचं तर बोलायलाच नको. पाय आत्ताच अर्धवट टेकतात, खुर्ची अजून वर घ्यायची तर पाय लोंबकळणार. घरात चौरंग आहे पण त्याच्यावर पाय ठेवलेला सासूबाईंना दिसला तर मनगटाचा प्रश्न बाजूलाच राहील.

@दुखतंय_कुठे ताई, कणीक मीच मळते. आणि हो, हसले.

@वाकडहून_हिंजवडी, गाडी चालवते, रोज नाही. पण मराठीला स्प्लिट चालतो का ते राहिलंच.

वाकडहून_हिंजवडी:
चालतो, ले आउट कंप्युटरमधे असतं, कीबोर्डला फक्त कुठली की दाबली तेवढंच कळतं. एकच अडचण येईल, बी ची की बहुतेक स्प्लिटमधे डाव्या तुकड्यावर असते, म्हणजे इनस्क्रिप्टचा व. उजव्या हाताने व मारायची सवय असेल तर सुरुवातीला बोट टेबलावर आपटतं.

जुना_टंकलेखक:
मी सदाशिव पेठेत बरीच वर्षे टायपिंगच्या क्लासात शिकवलं, आधी मशीनवर, मग कंप्युटरवर, परीक्षा परिषदेच्या परीक्षांना मुलं बसवली. दोन शब्द बोलतो, लांबले तर चालवून घ्या.

टाइपरायटरचं टेबल कधी नीट बघितलंय का कुणी? ते लिहायच्या टेबलापेक्षा बुटकं असायचं, चांगलं तीन-चार इंच. कारण मशीनची उंची त्यात धरलेली होती, की कोपराच्या पातळीला यायला पाहिजे हे करणाऱ्याला ठाऊक होतं. कंप्युटर आला आणि तो ठेवला लिहायच्या टेबलावर. आता तर जेवायच्या. आमच्याकडे मनगट टेकवायला मशीनला जागाच नव्हती, टेकवलं की वरच्या ओळीला बोट पोचत नसे, आणि मी पट्टी घेऊन मागे उभा असायचो ते वेगळं. ओळ संपली की घंटी, हात उचलून कॅरेज ओढायचा, कागद बदलायचा. ह्या सगळ्यात हाताला आपोआप मोकळीक मिळायची. आता माणूस तासन् तास मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून फक्त बोटं लांबवतो. ती कड नेमकी मनगटाच्या आतल्या बाजूला रुतते. ते मऊ पट्टे मिळतात ना कीबोर्डपुढे ठेवायला, ते थांबल्यावर हात टेकवायला आहेत, टाइप करताना नाही, आणि टेकवायचा तो तळव्याचा खालचा भाग, मनगट नव्हे.

आता शब्दटाकणीताईंसाठी खास, कारण हे इंग्लिश टायपिंगवाल्यांना कळणार नाही. इनस्क्रिप्टमधे स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बरीचशी उजव्या हाताला. त्यातही उजव्या करंगळीच्या वाट्याला काय काय आलंय बघा, च, ट, ज, ड, य. शिवाय एंटर आणि बॅकस्पेस. मराठीत य आणि च किती वेळा येतात ते तुम्हाला मी सांगायला नको, करतोय, चाललंय, त्याच्या, तिच्या. सगळं करंगळीवर. चांगली मुलं सुद्धा इथे करंगळी लांबवण्यासाठी सगळा पंजा जागेवर ठेवून मनगट बाहेर मुरडतात. तुमचं दुखणं उजव्या करंगळीकडून आहे म्हणालात तेव्हा मला पहिलं हेच आठवलं. मनगट न मुरडता पूर्ण हातच जरा सरकवायचा, कोपरापासून. टेकवलेला हात सरकत नाही, म्हणून टेकवायचा नाही.

दुसरं शिफ्टचं. सुटा स्वर कुठलाही असो, अ आ इ ई उ, शिफ्ट लागतोच, आणि हे स्वर डाव्या हाताचे म्हणून शिफ्ट उजवा. पण शंभरातली बहुतेक मंडळी, शंभर हा आकडा बोलायचा म्हणून, सगळ्याला डावा शिफ्टच दाबतात. आ काढताना डावी करंगळी खाली शिफ्टवर आणि त्याच हाताचं मधलं बोट वर, पंजा फाटल्यासारखा होतो. आणि आहे हा शब्द तुम्ही दिवसातून किती वेळा लिहिता? उलट छ झ ठ ढ ला डावा शिफ्ट. नियम एवढाच की अक्षर ज्या हाताचं, शिफ्ट दुसऱ्या हाताचा.

कुणीतरी येऊन सांगेल की फोनेटिक वापरा, म्हणजे रोमन अक्षरं मारून मराठी उमटवा. वापरा, पण मनगट हा शब्द इनस्क्रिप्टमधे चार की, रोमनमधे सहा-सात. दुखऱ्या हाताने जास्त की कशाला मारायच्या? इनस्क्रिप्ट पुण्यातल्या सी-डॅक ह्या सरकारी कंप्युटर संस्थेने सगळीकडे पोचवलं, ते सोडू नका.

नारायणपेठी:
सर, पट्टी आमच्या पण मागे होती. बोटं अजून सरळ पडतात.

मार्केटयार्डसाइड:
आमचा फर्निचरचा धंदा आहे म्हणून लिहितो, जाहिरात नाही, नंबर देत नाही. डायनिंग टेबलखाली सरकता ट्रे लावून द्या असं लोक येऊन सांगतात. लावू नका. डायनिंगला खालून चारी बाजूंनी लाकडी पट्टी असते, ट्रे तिच्याही खाली जातो आणि मांड्यांना घासतो, मग माणूस तिरका बसतो आणि कंबर धरते. टेबलाचे पाय कापायला पण सांगतात, मग घरचे जेवणार कुठे?

वन बीएचकेत भिंतीला घडीचं टेबल करून घ्या. १८ मिमी प्लाय, खाली दोन घडीचे ब्रॅकेट, काम झालं की खाली पाडायचं. उंची तुम्ही सांगाल ती. उशी काढून पाय पूर्ण टेकतील अशी खुर्ची धरा, त्यावर बसून कोपर मोजा आणि त्यातून कीबोर्डची जाडी वजा करा. तुमच्या उंचीला २५ च्या आसपास येईल, कारागीर म्हणेल मॅडम स्टँडर्ड तीस असतं, ऐकू नका. पुढची कड गोल घासून घ्या, नुसता सनमायका चिकटवून धारदार ठेवतात. आणि भिंत विटांची आहे का ते बघा, पार्टिशनवर टिकणार नाही.

लॅपटॉपला टेबलावर नाही, त्याच्या वर भिंतीलाच एक छोटी फळी मारून द्यायला सांगा, मग स्टँड पण नको.

शब्दटाकणी:
फळीची आयडिया भारीच आहे, माझ्या डोक्यातच आलं नसतं! हॉलच्या खिडकीशेजारची भिंत विटांची आहे, सुतारांना बोलावलंय. तोपर्यंत डायनिंगच्या खुर्चीवर दोन उशा आणि पायाखाली बाथरूममधलं प्लास्टिकचं बसकं स्टूल, दिसतं भयंकर पण कोपर टेबलाच्या जवळपास येतंय. मोठ्या कीबोर्डचे पाय मिटले. माउस डाव्या हाताला घेतलाय, पहिले काही दिवस टाइमलाइन भलतीकडेच पळत होती, आता जमतंय.

मुंग्या बघितल्या, अंगठा आणि पुढची दोन बोटं. त्यामुळे ऑर्थोची अपॉइंटमेंट घेतलीये आणि रक्त पण देऊन आलेय. पट्टा फक्त रात्री.

स्प्लिट सध्या नाही. लाल स्विचचा नंबरपॅड नसलेला घेणार आहे, तो पण तुलनेने बारका बघून. कणीक नवऱ्याकडे दिली आहे, पोळ्यांवर प्रतिक्रिया कृपया नको.

सर, तुमचं शिफ्टचं शंभर टक्के बरोबर निघालं, मी सगळ्याला डावाच दाबते, इतकी वर्षं लक्षातच नव्हतं. आता उजवा दाबायला गेलं की स्पीड निम्मा होतो आणि डेडलाइन आली की हात परत डावीकडे जातो. ही सवय मोडायची कशी?

वाकडहून_हिंजवडी:
विंडोज असेल तर पॉवरटॉइज टाका, मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट. त्यात कीबोर्ड मॅनेजर मधे जाऊन डावा शिफ्ट डिसेबल करता येतो. मग झक मारत उजवाच दाबावा लागेल.

जुना_टंकलेखक:
आणि मग छाया, झाड, ठाणे कशाने लिहिणार हो त्या? कामाच्या वेळी दोन्ही शिफ्ट चालू ठेवा. सकाळी काम सुरू करायच्या आधी दहा मिनिटं नुसते सुटे स्वर मारा, अ आ इ ई उ ऊ ए ऐ ओ औ, उजव्या शिफ्टने, हात न टेकवता, स्पीड बघू नका. मग शब्द घ्या, आई, आहे, उद्या, एक, आठ, इथे, ओळ. आठ मधे दोन्ही शिफ्ट येतात, आ ला उजवा, ठ ला डावा, तो शब्द भरपूर गिरवा. आणि मनगट दुखायला लागलं की सराव तिथेच बंद, ऑर्थो काय म्हणतात ते कळेपर्यंत जोर लावू नका.